पुढे काय झालं, तेही छापा

मा. संपादक यांस,


आपल्या अंकात आतल्या पानावर देशोदेशीच्या छोट्या बातम्यांची जी पट्टी येते, तिचा मी नेमाने वाचक आहे. अग्रलेखाच्या आधी ती वाचतो, हे आपल्याला फारसं रुचणार नाही, पण खरं आहे. एखादा नवा ग्रह, कुठल्या तरी देशातलं सत्तांतर, नवी लस, बोलणारं यंत्र. बातम्या छोट्या असतात, याबद्दल माझी तक्रार नाही. चार ओळींत नेमकं लिहिणं चाळीस ओळींपेक्षा अवघड असतं. तक्रार आहे ती ही, की या पट्टीत बातमी जन्माला येते आणि दुसऱ्या दिवसापासून बेपत्ता होते.

‘२०२४ वायआर४’ या लघुग्रहाचंच घ्या. २७ डिसेंबर २०२४ रोजी चिलीतल्या ‘अ‍ॅटलास’ दुर्बिणीला तो दिसला. २२ डिसेंबर २०३२ रोजी तो पृथ्वीवर आदळण्याची शक्यता जानेवारीअखेर एक टक्क्याच्या वर गेली आणि १८ फेब्रुवारीला ३.१ टक्क्यांवर पोचली. आदळलाच तर कुठे, याचा संभाव्य पट्टा पूर्व प्रशांत महासागरापासून आफ्रिका, अरबी समुद्र ओलांडून दक्षिण आशियापर्यंत येत होता आणि त्या पट्ट्यातल्या शहरांत मुंबईचं नाव होतं. मग काय विचारता! आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर वरळीला समुद्रासमोर फ्लॅट घेतलेल्यांची कीव करण्यापर्यंत मजल गेली. सगळं थट्टेवारी, पण आतून थोडी धाकधूक होतीच. फेब्रुवारी संपायच्या आत ती शक्यता जवळजवळ शून्यावर आली. ही दुसरी बातमी गटावर कुणी टाकली नाही. ‘तो मुंबईवर येणारा दगड’ आमच्याकडे अजून वाटेतच आहे.

शक्यता आधी वाढली आणि मग एकदम कोसळली, यात शास्त्रज्ञांची गफलत काहीच नव्हती. समजा, शंभर संशयितांत एक चोर आहे. प्रत्येकावर संशय एक टक्का. चौकशीत अडुसष्ट जण सुटले, की उरलेल्या बत्तिसांतल्या प्रत्येकावरचा संशय तीन टक्क्यांच्या वर जातो. त्यांच्याविरुद्ध नवा पुरावा काही आलेला नसतो, बाकीचे सुटले एवढंच. लघुग्रहाच्या मार्गाचंही तसंच. निरीक्षणं वाढतात तशी तो नेमका कुठून जाईल त्याबद्दलची अनिश्चितता आक्रसते. पृथ्वी त्या आक्रसत्या टापूत असेपर्यंत तिचा वाटा वाढत राहतो आणि एके दिवशी ती टापूबाहेर पडते. हे चार-सहा ओळींत सांगता येतं. पण त्यासाठी चढत्या आकड्याइतकीच उतरत्या आकड्याचीही बातमी व्हायला हवी.

दुसरं उदाहरण ‘एलके-९९’चं. जुलै २०२३मध्ये दक्षिण कोरियातल्या संशोधकांनी दावा केला, की शिसं, तांबं आणि फॉस्फरस असलेला हा पदार्थ नेहमीच्या तापमानाला, नेहमीच्या दाबाला अतिसंवाहक असतो. म्हणजे विजेला रोध शून्य. खरं ठरलं असतं तर विजेच्या तारांपासून एमआरआय यंत्रापर्यंत सगळंच बदललं असतं. चुंबकावर एक कड टेकवून अर्धवट तरंगणाऱ्या काळपट कपचीची चित्रफीत जगभर फिरली. इथवर सगळ्यांना ठाऊक आहे. खरी गंमत पुढेच आहे. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेने तो पदार्थ तयार केला, त्यात अतिसंवाहकतेचा मागमूस मिळाला नाही. मूळ नमुन्याचा रोध १०४-१०५ अंश सेल्सियसच्या आसपास अचानक घटत होता. आता, बरोबर त्याच तापमानाला कॉपर सल्फाइड आपली अंतर्गत रचना बदलतं, आणि नमुन्यात ते अशुद्धी म्हणून मिसळलेलं होतं! पुढे जर्मनीत श्टुटगार्टच्या माक्स प्लांक संस्थेत भेसळ नसलेले स्फटिक वाढवले गेले. ते जांभळट, पारदर्शक निघाले आणि वीज वाहून नेण्याऐवजी ती अडवणारे. ऑगस्टच्या मध्यापर्यंत प्रकरण निकालात निघालं होतं. एखाद्या रहस्यकथेला शोभेल असा हा शेवट किती वाचकांपर्यंत पोचला?

यात नुकसान काय, असं आपण विचाराल. नुकसान असं, की वाचकाला फक्त दावे दिसतात, पारख दिसत नाही. मग ‘शास्त्रज्ञांचं काय, आज एक सांगतात, उद्या दुसरं’ हे वाक्य चहाच्या टपरीपासून दिवाणखान्यापर्यंत ऐकू येतं आणि लशीच्या वेळी तेच अंगाशी येतं. पारख कशी होते ते पाहा. २०११मध्ये सर्न प्रयोगशाळेपासून इटलीतल्या ग्रान सासो प्रयोगशाळेपर्यंतचं ७३० किलोमीटरचं अंतर न्यूट्रिनो या सूक्ष्म कणांनी प्रकाशापेक्षा ६० नॅनोसेकंद लवकर कापल्याचं मोजमाप जाहीर झालं, तेव्हा जगभरच्या मथळ्यांनी आइनस्टाइनला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं. मोजणारे शास्त्रज्ञ मात्र इतरांना ‘आमची चूक शोधा’ म्हणत होते. चूक सापडली. प्रकाशतंतूच्या केबलची एक जोडणी नीट बसलेली नव्हती. विज्ञान कसं चालतं हे शिकवायला त्या सैल जोडणीइतका चांगला धडा नाही, आणि नेमका तोच बाहेर राहतो.

विज्ञानाचंच नाही, युद्धांचंही हेच. एप्रिल २०२३मध्ये सुदानमध्ये लष्कर आणि निमलष्करी ‘आरएसएफ’ यांच्यात लढाई पेटली. ‘ऑपरेशन कावेरी’तून साडेतीन हजारांहून जास्त भारतीय सुखरूप परतले. आपली माणसं परतली आणि आपल्या पट्टीतून सुदानही गेला. मधल्या काळात तिथे एक कोटीहून अधिक लोक घरादाराला मुकले. ऑक्टोबर २०२५मध्ये दीडेक वर्षाच्या वेढ्यानंतर दारफूरमधलं अल-फाशेर पडलं. बातमी आली, पण ‘आरएसएफ’ म्हणजे कोण हे विसरलेल्या वाचकासमोर.

काही बातम्या तर दावा खोटा ठरल्यामुळे नव्हे, तो खरा ठरल्यामुळे हरवतात. ऑक्सफर्डने विकसित केलेल्या आणि पुण्यात सीरम इन्स्टिट्यूटमध्ये बनणाऱ्या ‘आर२१’ या मलेरियाच्या लशीची जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२३मध्ये शिफारस केली. जुलै २०२४पासून ती आयव्हरी कोस्टमधल्या बालकांना नियमित लसीकरणात मिळू लागली. मलेरियाने वर्षाला सुमारे सहा लाख माणसं दगावतात, त्यांत बहुसंख्य आफ्रिकेतली पाच वर्षांखालची मुलं. शिफारशीची बातमी वाचल्याचं अनेकांना आठवतं. पुण्याहून निघालेली कुपी तिथल्या बाळापर्यंत पोचली, ही खबर मराठी वाचकाला अगत्याने द्यायला नको?

‘जागा नाही’ हे उत्तर मला ठाऊक आहे. कागद महाग झालाय, तेही मान्य. पण कुठल्याशा नटीच्या विमानतळावरच्या पेहरावाला रंगीत जागा मिळते, तेव्हा कागदाचा भाव कुणी काढत नाही. ‘जुन्या बातमीत कुणाला रस?’ हा दुसरा आक्षेप तर मला मुळीच पटत नाही. क्रिकेटच्या सामन्याचा पहिला डाव छापून कुठलं वर्तमानपत्र थांबतं?

मागणी एवढीच, की आठवड्यातून एकदा, समजा रविवारी, त्याच पट्टीत तीन-चार जुन्या बातम्यांचा पाठपुरावा द्या. मूळ बातमी कधी छापली होती ती तारीख, आणि आज स्थिती काय. दावा फसला असेल तर तसं, टिकला असेल तर तसं, आणि अजून लोंबकळत असेल तर तेही स्पष्ट लिहा. नमुना म्हणून एक मजकूर देतो, पसंत पडल्यास पहिल्या रविवारी वापरावा:

‘के२-१८बी : १२४ प्रकाशवर्षांवरच्या या ग्रहाच्या वातावरणात डायमिथिल सल्फाइडच्या खुणा जेम्स वेब दुर्बिणीच्या निरीक्षणांत आढळल्याचं केंब्रिजच्या निक्कू मधुसूदन यांच्या चमूने एप्रिल २०२५मध्ये सांगितलं होतं. पृथ्वीवर हा वायू मुख्यतः समुद्रातले सूक्ष्मजीव तयार करतात, म्हणून जीवसृष्टीची चर्चा झाली. त्याच निरीक्षणांचं इतर गटांनी पुन्हा विश्लेषण केलं, तेव्हा खूण ठामपणे दिसली नाही. शिवाय हे संयुग ६७पी या धूमकेतूवरही सापडलेलं आहे आणि तिथे जीवसृष्टी नाही. निष्कर्ष प्रलंबित.’

कळावे,
आपला,
एक नियमित वाचक, डोंबिवली