बाजारहाट : गोटीचे मोल

या सदराच्या जुन्या वाचकांना ठाऊक आहेच की, आमचा बाजारहाट बहुधा चहा, चादरी, तांदूळ आणि छत्र्या यांच्या पलीकडे जात नाही. लोखंडाच्या बाजारात आम्ही संसाराच्या आरंभी एकदाच गेलो होतो, खिळे आणायला, आणि दुकानदाराने "किती इंची?" असे विचारताच निरुत्तर होऊन परत आलो. तेच आम्ही दिवाळी अंकात मोटार-मेकॅनिकच्या हत्यारांवर लिहायला बसलो आहोत, हे पाहून आमच्या सौभाग्यवतींना हसू आवरत नाही. पण याला कारण घडले ते आमचा भाचा.

यंदा खंडेनवमीला त्याच्या गॅरेजात पूजेला गेलो होतो. लाल कापडावर हत्यारे मांडलेली. पाने, पकडी, हातोडी, आणि एका ओळीत सात चकचकीत गोट्या. ओळीच्या टोकाला आणखी एक गोटी होती; ती उभी चिरलेली. तिलाही हळदकुंकू वाहिलेले!

"ही फुटकी कशाला रे पूजेला?" आम्ही विचारले.

"राहू द्या मामा," तो म्हणाला. "शिकवणी तिचीच आहे."

ती शिकवणी काय, ते आज सांगतो.

भाच्याने आय.टी.आय. केले, सहा वर्षे एका उस्तादांच्या हाताखाली काढली, आणि गेल्या वर्षी स्वतःचे गॅरेज काढायचे ठरवले. भांडवलासाठी आमच्या बहिणीने हातातल्या पाटल्या गहाण ठेवल्या. उरलेल्या रकमेसाठी चिरंजीव आमच्याकडे आले आणि म्हणाले, "मामा, गोट्या आणि दांडे यांनाच पंधरा हजार लागतील." आम्ही चकित झालो. आमच्या लहानपणी चार आण्यांत खिसाभर गोट्या येत!

मग त्याने समजावून दिले. मोटारीच्या कारागिरांत गोटी म्हणजे सॉकेट. साधा पाना नटाला दोन बाजूंनी धरतो; गोटी ही लोखंडाची टोपी, नटाच्या डोक्यावर पुरी बसते आणि त्याला चहूकडून कवटाळते. टोपीच्या माथ्यावर चौकोनी भोक असते, त्यात दांडा अडकवायचा. दांडा एक, गोट्या अनेक. गंमत अशी की, नट-बोल्ट मिलिमीटरवर आले तरी हा चौकोन अजून जगभर इंचातच मोजतात : पाव इंच, तीन-अष्टमांश, अर्धा. सुताराच्या बोलीत दोन सूत, तीन सूत आणि चार सूत.

आम्ही पैसे दिले, पण मामा या नात्याने एक सल्लाही दिला. तो म्हणजे, "जरा स्वस्तात बघ." वाचकहो, या गोष्टीतला पहिला अपराधी आम्हीच आहोत, हे कबूल केलेले बरे.

भाच्याने सल्ला मानला आणि फोनवरून एक पेटी मागवली. शेहेचाळीस नग, चौदाशे रुपये! पेटी उघडली तेव्हा दागिन्यांच्या डब्यासारखी झळाळली. झाकणावर सोनेरी अक्षरांत 'आजीवन हमी' असे लिहिलेले.

तिसऱ्या आठवड्यात एका डॉक्टरांची गाडी आली. घट्ट बसलेला एक बोल्ट, डोके १२ मिलिमीटरचे. भाच्याने गोटी बसवली, दांड्यावर जोर दिला, आणि गोटी कट्कन चिरली. हात निसटून लोखंडावर आपटला. तीन बोटांची साले निघाली. ते एकवेळ बरे झाले असते. पण निसटताना बोल्टाच्या डोक्याचे कोपरेही झिजून ते गोल झाले. आता त्याला कुठलाच पाना धरेना. शेवटी दुसऱ्या कारखान्यात नेऊन तो बोल्ट छिद्र पाडून काढावा लागला. बावीसशे रुपये गेले, डॉक्टरांचे दोन दिवस गेले, आणि डॉक्टर जे गेले ते पुन्हा त्या गॅरेजात आले नाहीत.

विक्रेत्याला कळवले. उत्तर आले, परत करण्याची मुदत दहा दिवसांची होती. बनवणाऱ्याला कळवावे, तर पेटीवर पत्ताच नाही. आजीवन म्हणजे कुणाचे जीवन, हा खुलासा तेव्हा झाला : गोटीचे! तिचे जीवन संपले, हमीही संपली.

त्या रात्री भाचा आमच्याकडे आला. हाताला पट्टी, आणि तोंड उतरलेले. "मामा, उस्तादांकडे परत जातो. आईच्या पाटल्या तरी सुटतील," असे म्हणाला. सौभाग्यवतींनी पुढ्यात जेवणाचे ताट ठेवले, त्याला हात लावीना. आम्हाला झोप आली नाही. स्वस्ताचा सल्ला आमचा होता ना!

दुसऱ्या दिवशी आम्ही स्वतः त्याला घेऊन रविवार पेठेत बोहरी आळीला गेलो. तिथे एका जुन्या दुकानात सत्तरी ओलांडलेले शेटजी बसले होते. आम्ही ती चिरलेली गोटी त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी ती उजेडात धरली.

"हिच्यावर क्रोम व्हॅनेडियम असं लिहिलंय," आम्ही जरा तक्रारीच्या सुरात म्हणालो.

"साहेब, शिक्का उठवायला चांगलं पोलाद लागत नाही, नुसता शिक्का लागतो," शेटजी म्हणाले.

मग त्यांनी पाऊण तास आमची शाळा घेतली. पहिला धडा, गोटीच्या आत पाहावे. आत सहा कोन असतात किंवा बारा. बारा कोनांची गोटी अडचणीच्या जागी चटकन बसते. पण घट्ट किंवा गंजलेल्या नटाला सहा कोनांचीच घ्यावी, कारण तिची पकड मोठी. दुसरा धडा, जोर कुठे पडतो ते पाहावे. चांगल्या गोटीत आतले कोपरे जरासे मोकळे ठेवलेले असतात, म्हणजे जोर नटाच्या कोपऱ्यावर न पडता सपाट बाजूवर पडतो आणि नट गोल होत नाही. तिसरा, खिशात एक नवा बोल्ट न्यावा आणि गोटी त्यावर बसवून हलवून पाहावी. खडखडली तर ठेवून द्यावी. चौथा, भिंतीची जाडी सगळीकडे सारखी हवी. आणि पाचवा, चकाकीवर जाऊ नये. वाईट मुलाम्याचे पापुद्रे सुटतात आणि ते पात्यासारखे हात कापतात.

दांड्याचेही तसेच. मागेपुढे हलवून एकाच दिशेला फिरवणाऱ्या दांड्याला रॅचेट म्हणतात. त्याच्या पोटात दातेरी चाक असते. २४ दाते असले तर प्रत्येक खेपेला निदान १५ अंश हात हलवावा लागतो. ७२ असले तर ५ अंशांत काम होते. मोटारीच्या पोटात हात शिरायला जागा नसते, तिथे हा फरक कळतो.

मग शेटजींनी तीन तऱ्हांचा माल पुढे मांडला. एक जर्मन गेडोर. रेमशाइड गावच्या डोविडाट बंधूंनी १९१९ साली काढलेली ही पेढी. बंधू, आडनाव आणि गाव यांची आद्याक्षरे जुळवून हे नाव झाले. हातात घेताच सफाई कळते, आणि किंमत ऐकताच गोटी आपोआप खाली ठेवली जाते. दुसरी अमेरिकन स्टॅन्ली, १८४३ पासूनची. पेटी नीटस आणि किंमत मधली. तिसरी आपल्या नाशिकची टपारिया. पुण्या-मुंबईच्या घरांत हे नाव पकडीमुळे ठाऊक असते. १९६९ साली एका स्वीडिश कंपनीच्या तांत्रिक सहकार्याने या कारखान्याने हत्यारे बनवायला आरंभ केला. जर्मन मालाइतकी झिलई तिला नाही. पण बोल्टावर तिन्ही गोट्या ठाकठीक बसल्या, हे आम्ही स्वतः पाहिले. याखेरीज जालंदर-लुधियानाकडचा मालही होता. त्यात उत्तम आहे तसे सुमारही आहे, तेव्हा तो नगागणिक पारखूनच घ्यावा, असे शेटजींचे मत पडले.

तीन भावांच्या तीन चिठ्ठ्या घेऊन आम्ही घरी आलो. मामा-भाच्यांची चर्चा रंगली : जर्मन की अमेरिकन की नाशिक? सौभाग्यवती शेंगा सोलीत ऐकत होत्या. शेवटी त्या म्हणाल्या, "मी कुकर घेताना काय बघते ठाऊक आहे? त्याची रिंग आणि शिट्टी कोपऱ्यावरच्या दुकानात मिळते का, ते. दुपारी रिंग गेली तर रात्रीचा भात अडायला नको. तुमच्या गोट्यांचं तेच नाही का?"

आम्ही एकमेकांकडे पाहिले. पाऊण तासाच्या शाळेत जे आमच्या ध्यानात आले नव्हते, ते या एका वाक्यात आले. कारागिराला फुकट बदलून मिळणारी गोटी नको असते. उद्या सकाळी नऊ वाजता हातात असणारी गोटी हवी असते. तीन आठवड्यांनी बदलून मिळणे म्हणजे तीन आठवडे गाडी परत पाठवणे.

म्हणून पेटी घेतलीच नाही. सुट्या सात गोट्या घेतल्या, सहा कोनांच्या, बहुतेक नाशिकच्या : ८, १०, १२, १३, १४, १७ आणि १९. बारा आणि तेरा दोन्ही का? तर ८ मिलिमीटर जाडीच्या एकाच बोल्टाला जपानी पद्धतीत १२ चे डोके असते आणि जर्मन पद्धतीत १३ चे. शिवाय स्पार्क प्लगच्या दोन, १६ आणि २१. रॅचेट मात्र जरा महागातले घेतले, कारण ते सगळ्यांचे मिळून एकच. पंधरा हजारांपैकी निम्मे उरले.

खरी परीक्षा पुढेच होती. चार महिन्यांनी १४ ची गोटी तडकली. भाचा ती घेऊन आळीत गेला. शेटजींनी चष्मा चढवला आणि विचारले, "हवेच्या गनवर लावली होतीस?" भाच्याने मान खाली घालून हो म्हटले. गनचे धक्के सोसायला क्रोम मॉलिब्डेनमच्या, जाड भिंतीच्या काळ्या गोट्या वेगळ्या असतात. हाताची चकचकीत गोटी तिथे चालत नाही. कधी तिचा तुकडा उडून डोळ्यात जाऊ शकतो. "ही बदलून मिळणार नाही. चूक कारखान्याची नाही, तुझी आहे," शेटजींनी स्पष्ट सांगितले, आणि नव्या गोटीचे पुरे पैसे घेतले. भाचा आम्हाला सांगायला आला तेव्हा रागावलेला नव्हता. "मामा, नाही म्हणाले, पण तोंडावर म्हणाले," एवढेच बोलला.

पुढे पावसाळ्यात चिखल जाऊन रॅचेट अडकले. शेटजींनी ते ठेवून घेतले आणि फळीवरचे स्वतःचे एक जुने काढून दिले. "तुझं साफ होईतो हे वापर. काम थांबवू नकोस." दुसऱ्या दिवशी साफ होऊन मिळाले. पैसे? एका चहाचे, आणि तोही शेटजींनीच पाजला!

आम्ही मग कुतूहलाने परदेशचे रिवाज पाहिले. अमेरिकेतल्या मिलवॉकीला १९२० साली निघालेली स्नॅप-ऑन कंपनी पाच दांडे आणि दहा गोट्या यांत पन्नास पान्यांचे काम होते, या कल्पनेवर उभी राहिली. तिचे विक्रेते मालाने भरलेली गाडी घेऊन ठरल्या वारी गॅरेजच्या दारात येतात. मोडके हत्यार तिथल्या तिथे दाखवायचे. तो माल फार महाग. पण त्या किमतीत ही दारापर्यंतची फेरीही धरलेली असते. सीअर्स या दुकानसाखळीने १९२७ पासून क्राफ्ट्समन नावाने हत्यारे विकली. मोडलेले हत्यार आणा, पावती नसली तरी बदलून न्या, अशी तिची ख्याती होती.

परंतु याच सीअर्सची दुसरीही कथा आहे. पीटर रॉबर्ट्स हा तिच्या दुकानातला एक तरुण विक्रेता. बटण दाबताच गोटी सुटून येईल, असे रॅचेट त्याने वयाच्या अठराव्या वर्षी शोधून काढले. कंपनीने १९६५ साली हक्क घेतले, आणि त्याला त्यातून एकूण दहा हजार डॉलर मिळाले. पुढे ती रॅचेटे लाखांनी खपली. आपल्याला फसवले म्हणून तो कोर्टात गेला. १९७७ साली ज्यूरीने त्याला दहा लाख डॉलर देवविले, आणि पुढची भांडणे १९८९ साली तडजोडीने मिटली. गिऱ्हाइकाशी शब्दाला जागणारे दुकान घरच्या माणसाशीही तसेच जागते, असे नाही!

आणि नावांचे म्हणाल, तर नावेही हातोहात फिरतात. फ्रान्सचे फाकोम २००६ साली स्टॅन्लीकडे गेले, आणि क्राफ्ट्समन हे नाव २०१७ साली त्याच घराण्याने विकत घेतले. तीन पेट्यांवर तीन नावे, धनी एक.

आमच्या वाचकांना गॅरेज काढायचे नाही, हे आम्ही जाणतो. तरी घरात स्कूटर असते, मुलांची सायकल असते, पलंगाचे बोल्ट सैल होतात. त्यासाठी तीन-अष्टमांश चौकोनाचा एक दांडा आणि ८, १०, १२, १३, १४ अशा पाच गोट्या पुष्कळ झाल्या. त्या ओळखीच्या दुकानातून घ्याव्या आणि घेताना एकच प्रश्न विचारावा : "यातली एखादी फुटली, तर तुम्ही काय कराल?" दुकानदार पेटीवरचा मजकूर वाचून दाखवू लागला, तर नमस्कार करून पुढच्या दुकानात जावे.

भाच्याचे गॅरेज चालले आहे. धनत्रयोदशीच्या आधी पाटल्या सोडवून आणायच्या, असा त्याचा बेत आहे. चार हजार कमी पडताहेत, ते आम्ही देणार आहोत. सल्ला मात्र या खेपेला देणार नाही.