गौरव जिद्दीचा, कात्री अनुदानाला

ब्रिटनच्या मुक्त विद्यापीठातून ऑनलाइन तत्त्वज्ञान शिकलेल्या प्रौढांच्या जिद्दीचा पदवीदानप्रसंगी मोठा गौरव होतो. तो रास्तच आहे. दिवसभर राबून रात्री कान्ट वाचणे सोपे नव्हे. परंतु या स्तुतिपाठात राज्यकर्त्यांची करणी सोयीस्करपणे झाकली जाते. १९६९ साली मजूर सरकारने स्थापिलेल्या या विद्यापीठाने पूर्वशिक्षणाची अटच ठेवली नाही. २००८ पासून मात्र आधीची पदवी असलेल्यांसाठीचे अनुदान इंग्लंडमध्ये काढून घेण्यात आले, तेही मजूर पक्षाच्याच राजवटीत! २०१२ मध्ये टोरी-लिबरल युतीने उरलेल्या अनुदानालाही कात्री लावून शुल्काचा बोजा कर्जरूपाने विद्यार्थ्याच्या माथी मारला. अर्धवेळ शिकणाऱ्यांची संख्या कोसळली. मग जिद्द कोणाची कमी पडली?

याच देशातील कामगारांनी शिक्षणाचा प्रश्न शाबासकीवर सोडला नव्हता. १९०९ साली ऑक्सफर्डच्या रस्किन कॉलेजातील कामगार विद्यार्थ्यांनी प्राचार्यांच्या हकालपट्टीविरुद्ध संप पुकारला आणि त्यातूनच सेंट्रल लेबर कॉलेज उभे राहिले. दक्षिण वेल्सच्या खाणकामगारांच्या व रेल्वे कामगारांच्या संघटनांनी त्याचा खर्च उचलला. कातडी कमावण्याचा धंदा करणाऱ्या योसेफ डीट्सगेनचे तत्त्वज्ञान तेथे खाणकामगार अभ्यासत.