‘फावल्या वेळा’चा भाव काय?

हाताने विणलेलं कापड, बांबूची टोपली, मण्यांची माळ यांना आता ‘पर्यावरणपूरक’ असं नवं बिरूद मिळालं आहे. शहरातल्या प्रदर्शनांत त्यांचं कौतुक होतं. उद्घाटनाच्या भाषणात हमखास एक वाक्य येतं: आमच्या भगिनी फावल्या वेळात या वस्तू बनवतात.

मैत्रिणींनो, मी समाजकार्यात एम.ए. केलं आणि गेली काही वर्षं पालघर-बोईसर भागात काम करते आहे. पहाटे उठून पाणी भरणारी, सरपण आणणारी, मुलांचं आवरून मजुरीला जाणारी बाई मी रोज पाहते. तिचा ‘फावला वेळ’ मला अजून तरी सापडलेला नाही. झोपेतून चोरलेल्या तासांना आपण हे गोंडस नाव दिलं आहे.

बोईसरजवळच्या एका पाड्यावरची ताई छोट्या हातमागावर पट्ट्या विणते आणि त्यात मणी गुंफते. सूत कापड कारखान्यातून उरलेलं, म्हणजे कचऱ्यात जाणारं. गटाच्या बैठकीत आम्ही तिच्या एका पट्टीचा हिशेब मांडला. किंमत आली 250 रुपये. मणी, दोरा आणि जाण्यायेण्याचं भाडं मिळून 120 गेले. राहिले 130. वेळ लागला साडेनऊ तास. तासाला 14 रुपयेही पडत नव्हते. “आणि तुझ्या हातांचे पैसे?” असं कुणीतरी विचारलं. ती हसून म्हणाली, “हाताचे कसले पैसे? हात तर घरचेच!”

हे वाक्य एकटीचं नाही. घरचे हात, घरची चूल, घरचं बाळंतपण, सगळंच फुकट. 2019-20 च्या हातमाग गणनेत देशात 35 लाखांहून अधिक हातमाग कामगार नोंदले गेले. त्यांत सुमारे 72 टक्के स्त्रिया आहेत. तरी ‘विणकर’ म्हटलं की डोळ्यांसमोर मागावर बसलेला पुरुष येतो, आणि बाई त्याला ‘मदत’ करणारी!

आपल्याच जिल्ह्यातलं उदाहरण पाहा. वारली लग्नातला चौक सुवासिनी लिहीत. धवलेरीच्या गाण्याशिवाय तो पुरा होत नसे. 1970 च्या दशकात हे चित्र भिंतीवरून कागदावर आलं, बाजारात गेलं आणि बघता बघता चित्रकार म्हणून पुरुषांची नावं पुढे आली. गंजाडच्या जिव्या सोमा म्हशे यांना 2011 मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांच्या कर्तृत्वाबद्दल आदरच आहे. प्रश्न वेगळा आहे. जोवर पैसा नव्हता तोवर ते बाईचं काम होतं. पैसा आणि नाव आल्यावर त्या बाया कुठे गेल्या?

दुसरी बाजूही बोलली पाहिजे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2018 च्या मूल्यमापनात तारापूर 93.69 गुणांसह देशातलं सर्वाधिक प्रदूषित औद्योगिक क्षेत्र ठरलं. अशा ठिकाणी वाया जाणाऱ्या सुतातून वस्तू घडवणं मोलाचं आहेच. पण म्हणून पाड्यावरच्या मुलीला “कंपनीत जाऊ नकोस, माग धर” असं सांगायचा मला अधिकार नाही. ठेकेदाराच्या हाताखाली का होईना, तिला महिन्याला ठरलेला पगार दिसतो. नदी स्वच्छ ठेवायची जबाबदारी कारखान्यांची आणि सरकारची आहे. ती बाईच्या स्वस्त श्रमांवर ढकलून चालणार नाही. वस्तू टिकाऊ आणि बनवणारी मात्र चाळिशीतच डोळ्यांनी आणि कमरेने अधू, याला शाश्वत कसं म्हणायचं?

घरी बसून काम करणाऱ्यांसाठी आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने 1996 साली 177 क्रमांकाचा करार केला. भारताने तो अजून मान्य केलेला नाही. आपल्याकडच्या 2008 च्या असंघटित कामगार कायद्यात आणि नंतर 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेत घरून काम करणाऱ्या कामगाराची व्याख्या आहे. व्याख्येत नाव आलं, पण पाड्यावरच्या बाईच्या हातात काय पडलं, हे आपणच विचारत राहायचं आहे.

तोवर आपल्या गटांना काही गोष्टी आजच करता येतील. प्रशिक्षणात नवे नमुने शिकवण्याआधी तासांचा हिशेब शिकवू या. किमतीत मजुरी वेगळी दाखवू या आणि वस्तूवर बनवणारीचं नाव तिची संमती घेऊन लिहू या. 2006 च्या वनहक्क कायद्यात बांबू गौण वनोपज आहे. तेव्हा टोपल्या विणणाऱ्या बायांनी ग्रामसभेत बसून त्यावरचा हक्क मागायला हवा. आणि आपण स्वतः, मोर्च्यात समान वेतनाच्या घोषणा देणाऱ्या, स्टॉलवर “दहा रुपये कमी कर ना ताई” म्हणायचं थांबवू या.

त्या बैठकीनंतर गटातल्या बायांनी वहीत एक नवा रकाना आखला आहे. त्याचं नाव त्यांनीच ठेवलं: ‘हात’. प्रत्येक गटाच्या वहीत तो असावा, एवढंच माझं म्हणणं आहे.