बगारामला गावात आणा

तीर्थपुरीच्या बाजारात कुणालाही विचारा, मराठीतला पहिला विनोदी सिनेमा कोणता? दहातले नऊजण ‘सोंगाड्या’चं नाव घेतील. दादा कोंडके यांचा तो सिनेमा १९७१चा. दादा मलाही प्रिय आहेत. पण त्यांच्या तीस वर्षं आधी एका तिरळ्या डोळ्यांच्या नटाने मराठी माणसाला पोट धरधरून हसवलं होतं, आणि त्याचं नाव आपल्या पोरांच्या कानावरही नाही, याची मला खंत वाटते.

दामुअण्णा मालवणकर. मूळचे बळवंत संगीत मंडळीचे नट. गडकऱ्यांच्या ‘भावबंधन’मधला त्यांचा कामण्णा गाजला होता. इकडे कोल्हापूरच्या ‘हंस’ने १९३८मध्ये ‘ब्रह्मचारी’ काढला. लेखन अत्र्यांचं, दिग्दर्शन मास्टर विनायकांचं. मीनाक्षी शिरोडकरांच्या पोहण्याच्या पोशाखाचा इतका गवगवा झाला की ब्रह्मचर्याचं व्याख्यान ऐकून पेटलेल्या तरुणाची फजिती आज कुणाला आठवतच नाही.

पुढच्या वर्षी त्याच जोडगोळीने ‘ब्रँडीची बाटली’ केला आणि नायक केलं दामुअण्णांना. वय चाळिशीपार, रूप यथातथाच! बगाराम हा म्युनिसिपालिटीतला साधाभोळा कारकून. जिच्यावर जीव जडलाय तिच्या आजारी भावासाठी ब्रँडी हवी. पण ब्रँडी म्हणजे काय, हेच याला ठाऊक नाही. ती शोधत तो वणवण फिरतो. मुंबईत दारूबंदी आली तीही १९३९मध्येच, ऑगस्टच्या पहिल्या तारखेला. तेव्हाच्या प्रेक्षकाला ही वणवण किती जवळची वाटली असेल! यात कुणाची टवाळी नाही, अचकटविचकट काही नाही. हसू येतं ते बगारामच्या निरागसपणामुळे, आणि हसता हसता त्याची काळजीही वाटू लागते. हे साधणं फार अवघड.

चिं. वि. जोशींचा चिमणराव म्हटलं की आपल्याला टीव्हीवरचे दिलीप प्रभावळकर आठवतात. पण १९४०च्या ‘लग्न पहावे करून’मध्ये दामुअण्णा चिमणराव होते आणि विष्णुपंत जोग गुंड्याभाऊ.

हे सिनेमे निघाले तेव्हा आपला जालना भाग निजामाच्या राज्यात होता. आता तशी कुठलीच आडकाठी नाही. गणेशोत्सवात आपली मंडळं पडदा लावतातच. यंदा एक रात्र बगारामला द्या. कृष्णधवल सिनेमा पोरं बघणार नाहीत, असं कुणी म्हणेल. पहिली पंधरा मिनिटं कुरकुरतील, हे मान्य. त्यांना पुढे बसवा, आवाज नीट लावा आणि म्हाताऱ्यांना मागे खुर्च्या द्या.