‘या, बसा, पण विकू नका!’

कोणत्याही पंथात नव्याने येणाऱ्याचे स्वागत होतेच. परंतु कूटचलनाच्या बिरादरीत नवागताचे जे स्वागत होते त्याला तोड नाही. नवखा माणूस येतो आणि आपली ओळख करून देतो. मी अमुक ठिकाणचा, अमुक नोकरी करतो, पगार पुरत नाही, बँकेतल्या ठेवीवर महागाईइतकेही व्याज सुटत नाही, या विषयातले मला फारसे कळत नाही, थोडी शिल्लक घेऊन आलो आहे, जाणकारांनी मार्गदर्शन करावे. नवागत कुठल्याही देशातला असो, त्याच्या निवेदनाचा मसुदा जवळजवळ हाच असतो. त्यावर जुन्याजाणत्यांकडून अभिनंदनाचा वर्षाव होतो. ‘तुम्ही अजूनही वेळेवर आला आहात’, ‘आपण सारे तरणार आहोत’, आणि अखेरीस हमखास, ‘घ्या, पण काही झाले तरी विकू नका’. या शेवटच्या आज्ञेसाठी तर पंथाने ‘होडल’ असा स्वतंत्र मंत्रच घडवला आहे. डिसेंबर २०१३ मध्ये बिटकॉइनचा भाव कोसळत असताना एका गृहस्थाने मद्याच्या अमलाखाली ‘मी धरून ठेवणार’ असे जाहीर केले. लिहिताना ‘होल्ड’ या शब्दाच्या अक्षरांची उलटापालट झाली आणि त्या चुकीलाच पुढे मंत्राचे पावित्र्य लाभले.

आता प्रश्न असा की, हे स्वागत इतके उत्कट का असते? आपल्या शेजाऱ्याला हमखास भाव वाढणारी जमीन स्वस्तात सापडली, तर तो गावभर दवंडी पिटून गिऱ्हाइके गोळा करील काय? तो गुपचूप खरेदीखत करून मोकळा होईल. इथे मात्र ज्यांच्या पदरी माल आहे तेच दारात उभे राहून वाटसरूंना आत बोलावीत आहेत. याला औदार्य म्हणण्याचा भाबडेपणा अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला परवडणारा नाही.

वस्तुस्थिती अशी की, कारखान्याच्या भागाला लाभांश मिळतो, शेतात पीक येते, चाळीतल्या खोलीला भाडे येते, कर्जरोख्यावर व्याज मिळते. बिटकॉइनला यांपैकी काहीही नाही. ते काही पिकवत नाही, काही घडवत नाही. ज्याने ते आधी घेतले त्याला नफा व्हायचा तर तो एकाच मार्गाने होऊ शकतो : नंतर येणाऱ्याने अधिक पैसे मोजले पाहिजेत. म्हणजे नवागत हा या बिरादरीचा पाहुणा नव्हे, तो तिचे उत्पन्न आहे.

हा केवळ एकाच्या खिशातून दुसऱ्याच्या खिशात जाणारा पैसा असता तरी एक वेळ समजून घेता आले असते. हिशेब त्याहून वाईट आहे. २१ दशलक्ष नाण्यांपलीकडे बिटकॉइन निघणार नाही, हे त्याचे मोठे भूषण सांगतात. परंतु एप्रिल २०२४ पासून दर दहा मिनिटांच्या सुमारास ३.१२५, म्हणजे दिवसाला सुमारे ४५० नवी नाणी निघतात. ती काढणाऱ्यांना विजेची बिले खऱ्या पैशांत भरावी लागतात, म्हणून त्यातली बरीचशी विकावी लागतात. डिसेंबर २०२४ मध्ये एका नाण्याने एक लाख डॉलरची मर्यादा ओलांडली होती. तोच भाव धरला, तर ही सगळी नवी नाणी बाजारात खपवून भाव केवळ आहे तिथे राखण्यासाठी रोज साडेचार कोटी डॉलर घेऊन कोणीतरी यावे लागते. वाढण्याची गोष्ट पुढची. शिवाय बाजार चालवणाऱ्या पेढ्यांची दलाली वेगळी. हे सारे जिथून येते ती जागा एकच, नवागताची बचत. तेव्हा सर्व सभासदांनी मिळून जेवढे घातले त्याहून कमीच सर्वांच्या वाट्याला येणार, हे पहिल्या दिवशीच ठरलेले असते.

कोणी म्हणेल, सोन्यालाही व्याज नसते. खरे आहे, आणि सोन्यात बचत गाडून ठेवण्याच्या आपल्या समाजाच्या सवयीचे कौतुक करावे असे मला कधीच वाटले नाही. पण सोन्याची निदान पाटली होते; आणि गरजेच्या वेळी मोड करायला आलेल्या बाईला ‘तुमची श्रद्धा कमी पडली’ असे कोणताही सराफ ऐकवीत नाही.

या ओळख-समारंभातला सर्वांत चमत्कारिक भाग असा की, ओळख एकाच बाजूने होते. नवागत आपले नाव, गाव, उत्पन्न, अडचण आणि आशा उघड करतो. पेढीत खाते काढायचे तर आधार आणि पॅन यांचीही नोंद देतो. त्याचे स्वागत करणारे मात्र टोपणनावांआड असतात. त्यांच्यापाशी किती नाणी आहेत, ती त्यांनी कोणत्या भावाने घेतली आणि आज सकाळी त्यांतली किती विकली, हे तो विचारू शकत नाही. खुद्द पंथाच्या संस्थापकाची कथा तीच. ऑक्टोबर २००८ मध्ये सातोशी नाकामोतो या नावाने प्रबंध प्रसिद्ध झाला. हा पुरुष की स्त्री, एक की अनेक, हे आजतागायत सिद्ध झालेले नाही. आपल्याकडची भिशी घ्या. तिच्यात नवा भिडू घ्यायचा तर जुन्यापैकी कोणीतरी त्याची हमी घेतो, बारा जण बारा जणांची घरे ओळखतात, आणि जेवढे जमते तेवढेच वाटले जाते. भिशीही बुडते, परंतु बुडवणाऱ्याचे दार ठोठावता येते.

ही अनुमाने केवळ टेबलाशी बसून काढलेली नाहीत. बेसल येथील बँक फॉर इंटरनॅशनल सेटलमेंट्सच्या संशोधकांनी २०१५ ते २०२२ या काळातील अनेक देशांची माहिती तपासून २०२२ मध्ये निष्कर्ष काढला की, सर्वसामान्य ग्राहकांपैकी सुमारे तीन चतुर्थांश लोकांचे बहुधा नुकसानच झाले. त्याच संस्थेच्या पुढील टिपणात तर अधिक बोलके निरीक्षण आहे : मे २०२२ मध्ये टेरा आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये एफटीएक्स कोसळले तेव्हा बडे धारक विकत होते आणि छोटे विकत घेत होते. ‘विकू नका’ हा मंत्र कोणी कोणासाठी रचला, याचे उत्तर मला यात दिसते.

टेराचे प्रकरण जरा तपशिलाने सांगण्याजोगे आहे. डो क्वॉन या कोरियन तरुणाने डॉलरशी जखडलेले एक नाणे काढले, आणि त्याचा तोल सांभाळण्यासाठी ‘लुना’ हे दुसरे. पहिले नाणे ठेव म्हणून ठेवणाऱ्याला वर्षाला सुमारे २० टक्के व्याज मिळे. कर्जदारांकडून येणाऱ्या व्याजातून ते भागत नसे, म्हणून राखीव निधीत वरून पैसा ओतावा लागे. भक्तगण स्वतःला अभिमानाने ‘लुनॅटिक’ म्हणवून घेत. इंग्रजीत त्याचा अर्थ काय होतो ते सांगायला नको. फ्रान्सिस कॉपोला या ब्रिटिश अर्थतज्ज्ञ बाईंनी २०२१ मध्ये आक्षेप घेतला की, लोक घाबरून एकदम विकू लागले तर ही रचना सावरणार नाही. त्यावर क्वॉनने जाहीर उत्तर दिले की, मी गरिबांशी वाद घालत नाही, आणि बाईंना द्यायला माझ्यापाशी सध्या सुटे पैसेही नाहीत. वर्ष उलटण्यापूर्वीच बाईंनी सांगितले तसे घडले. एप्रिल २०२२ मध्ये शंभर डॉलरच्या वर गेलेला लुना मेच्या मध्यापर्यंत एका सेंटच्याही अंशावर आला. ऑगस्ट २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयात क्वॉनने फसवणुकीचा गुन्हा कबूल केला. परंतु त्या एका वाक्यात सबंध पंथाचे समाजशास्त्र आले आहे. गरिबाने ठेव घेऊन यावे, ओळख द्यावी, आभार मानावेत. प्रश्न विचारला तर तो गरीब ठरतो.

आपल्या महाराष्ट्राला हे नवे नाही. अमित भारद्वाज याच्या ‘गेनबिटकॉइन’ने बिटकॉइन ठेवणाऱ्यास दरमहा १० टक्के, असे १८ महिने देण्याचे आमिष दाखवले आणि साखळी पद्धतीने माणसाने माणूस आणला. तपास यंत्रणांच्या म्हणण्यानुसार गोळा झालेल्या नाण्यांचे मोल हजारो कोटी रुपयांत जाते. पुणे पोलिसांनी २०१८ मध्ये त्याला अटक केली; खटल्याचा निकाल लागण्यापूर्वीच जानेवारी २०२२ मध्ये तो वारला. त्यानंतर दोनच महिन्यांनी, या तपासात पोलिसांना साहाय्य करण्यासाठी नेमलेल्या दोघा तज्ज्ञांनाच, जप्तीतील नाणी वळवल्याच्या आरोपावरून पुणे पोलिसांनी पकडले! १९२० मध्ये बॉस्टनच्या चार्ल्स पाँझीने ४५ दिवसांत ५० टक्के देऊ केले होते. वर्गात ते उदाहरण सांगितले की तीस वर्षे मुले न चुकता हसत. पुण्यात त्या साखळीत जे अडकले त्यांत पदवीधर थोडे नव्हते.

असो. फसवणारे फसवतात, त्याचे विशेष नवल नाही. मला बोलायचे आहे ते आमच्याच काही मित्रांशी. बिटकॉइन म्हणजे बँकशाहीविरुद्धचे बंड, बिटकॉइन म्हणजे विकेंद्रीकरण, असे प्रतिपादन आपल्या वर्तुळातले तरुण करू लागले आहेत. विकेंद्रीकरण हा शब्द आपल्या चळवळीने गांधी, लोहिया, जयप्रकाश यांच्यापासून घेतला. त्याचा अर्थ सत्ता माणसाच्या हाताच्या अंतरावर आणणे, म्हणजेच जाब विचारता येणे. जिथे जाब विचारायला कोणी सापडतच नाही, त्या व्यवस्थेला विकेंद्रित म्हणणे ही शब्दाची लूट आहे. आणि सत्ता विखुरली आहे म्हणावे, तर अलीकडच्या वर्षांत बिटकॉइन काढण्याच्या यंत्रशक्तीचा निम्म्याच्या आसपास हिस्सा अवघ्या दोन संचांकडे गोळा झालेला दिसतो. एल साल्वादोरमध्ये तर सप्टेंबर २०२१ पासून संपूर्ण राष्ट्रालाच नवागत करण्यात आले; सरकारी ॲप घेणाऱ्या नागरिकांना ३० डॉलरची स्वागतभेट मिळाली. बहुतेकांनी ती खर्च केली आणि तो नाद सोडला. जानेवारी २०२५ मध्ये, नाणेनिधीकडून कर्ज घेण्यासाठी, ती सक्ती कायद्यातून काढावी लागली.

तरीही त्या नवागताच्या निवेदनातला पहिला भाग खोटा नाही, हे आपण मान्य केले पाहिजे. बिटकॉइनच्या पहिल्याच नोंदीत ३ जानेवारी २००९ च्या ‘टाइम्स’चा मथळा कोरलेला आहे, ब्रिटिश सरकार बँकांना दुसऱ्यांदा वाचवायला निघाले, ही ती बातमी. ती चीड न्याय्य होती. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री ज्यांच्या हातातल्या नोटांचा कागद झाला, किंवा सप्टेंबर २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेच्या ज्या ठेवीदारांना स्वतःच्या खात्यातून प्रथम अवघे हजार रुपये काढण्याची मुभा मिळाली, त्यांनी सरकारी आश्वासनांवर विश्वास का ठेवावा? तो तरुण आपल्या पतसंस्थेत आला असता तर त्याला जामीनदार आणा म्हणून सांगितले गेले असते. आपल्या कार्यालयात आला असता तर कदाचित कोणी बसा म्हणालेही नसते. तिथे त्याला निदान ‘या’ म्हणणारा भेटला.

आणि सरकार काय करते? रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०१८ मध्ये बँकांना या व्यवहारांपासून दूर राहण्याचा आदेश दिला. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२० मध्ये तो प्रमाणाबाहेर ठरवून रद्द केला. २०२१ च्या हिवाळी अधिवेशनाच्या कार्यसूचीत विधेयक होते, ते मांडलेच गेले नाही. त्याऐवजी २०२२ च्या अर्थसंकल्पाने नफ्यावर ३० टक्के कर बसवला, प्रत्येक विक्रीवर एक टक्का कपात लावली, आणि एका नाण्यातला तोटा दुसऱ्यातल्या नफ्यातून वजा करण्यास मनाई केली. जुगाराच्या अड्ड्यावर मालक प्रत्येक डावामागे ‘नाल’ काढतो. खेळणारा जिंको वा हरो, नाल चुकत नाही. सरकारने आपली नाल काढली आणि अड्ड्याची जबाबदारी मात्र घेतली नाही.

आपली मागणी म्हणून नेमकी असली पाहिजे. कर घेता, तर संरक्षणही द्या. विमा विकणाऱ्या एजंटाला परीक्षा देऊन रीतसर नेमणूक घ्यावी लागते. तसाच नवागताला या व्यवहारात आणून त्यावर बक्षिसी घेणाऱ्या प्रत्येकाला परवाना लागावा, आणि बुडालेल्या रकमेत त्याची ती बक्षिसी प्रथम वसूल व्हावी. ‘विकू नका’ असा सल्ला देणाऱ्याने आपल्यापाशी किती नाणी आहेत ते त्याच वेळी जाहीर करावे. ठेवीदारांच्या हितरक्षणाचा कायदा महाराष्ट्रात १९९९ पासून आहे. ही कलमे त्यात घालण्यासाठी विधिमंडळातील आपल्या मित्रांनी अशासकीय विधेयक आणावे, आणि ते येण्याची वाट न पाहता जिल्हा शाखांनी आपापल्या भागातील बुडालेल्या लोकांची यादी करायला लागावे.