देवाची राय आणि सिमेंटचा मंडप

सत्तरी तालुक्यात बांबर नावाचा गाव आहे. तिथे निरंकाराची राय आहे. जंगली जायफळाच्या कुळातली झाडे तिथे पाण्यात उभी असतात आणि त्यांची मुळे गुडघ्यासारखी वाकून चिखलातून वर येतात. अशी पाणथळ जंगले पश्चिम घाटात आता मोजकीच उरली आहेत. ही राय पिढ्यान्‌पिढ्या कोणी राखली? वन खाते जन्माला येण्यापूर्वीपासून ती देवाच्या नावाने राखलेली आहे. रायीतली फांदी तोडायची नाही, एवढीच मर्यादा. ती कुठे लिहिलेली नव्हती, पण गाव ती पाळत होता.

मी सरकारी कारकून. परिपत्रक कसे निघते, कसे फिरते आणि शेवटी कुठल्या फायलीत झोपते, हे मला चांगले ठाऊक आहे. म्हणूनच देवाच्या मर्यादेचे मला अप्रूप वाटते. हवामानबदलाच्या चर्चेत शास्त्रज्ञ बोलतात, सरकारे करार करतात, पण ज्याच्या शब्दाला गाव मान देतो तो देव आणि त्याची माणसे या चर्चेत फारशी दिसत नाहीत.

बदल तर दारात आला आहे. मे 2021 मध्ये तौक्ते वादळाने गोव्यात झाडे आणि विजेचे खांब आडवे केले. त्याच वर्षी जुलैत सत्तरी आणि डिचोलीत घरांत पुराचे पाणी शिरले. मार्च 2023 मध्ये म्हादई अभयारण्यात वणवे पेटले. यातली प्रत्येक घटना केवळ तापमानवाढीमुळेच झाली असे कोणी म्हणणार नाही. पण अरबी समुद्र तापतो आहे, तिथली वादळे अधिक जोराची होत आहेत आणि पाऊस थोड्या वेळात धो धो कोसळतो आहे, हे शास्त्रज्ञांनी दाखवून दिले आहे.

कोणी विचारील, धूर अमेरिकेने आणि युरोपने केला, आमच्या जत्रेने काय बिघडणार? प्रश्न रास्त आहे. एक अमेरिकन माणूस सरासरीने एका भारतीयाच्या कितीतरी पट कर्बवायू हवेत सोडतो. पण रायीतली झाडे पाऊस अडवतात, जमिनीत मुरवतात आणि खालच्या झऱ्याला उन्हाळ्यात पाणी ठेवतात. ते पाणी अमेरिकेला जात नाही, आपल्याच विहिरीत येते. राय गेली तर नुकसान आपलेच.

उपदेशांची वाण नाही. पोप फ्रान्सिस यांचे 'लाउदातो सी' हे पत्र जून 2015 मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये इस्तंबूलला मुस्लिम विद्वानांनी हवामानबदलावर जाहीरनामा काढला. आपल्याकडे तर पृथ्वीला माता म्हणून सकाळी पाय टेकण्याआधी क्षमा मागायची रीत आहे. अडते ते आचरणात. देवस्थान, चर्च आणि मशीद यांच्याकडे तीन गोष्टी हमखास असतात : जमीन, छप्पर आणि उत्सव. या तिन्हींचा हिशेब त्यांनी मांडावा, एवढेच माझे म्हणणे.

पहिली जमीन. आज रायींना कुऱ्हाडीपेक्षा जीर्णोद्धाराची भीती जास्त आहे. झाडाखालच्या पाषाणाला घुमटी येते, घुमटीचे देऊळ होते, मग सिमेंटचा मंडप, फरश्या आणि गाड्यांसाठी मोकळी जागा. भक्ती खरी असते, पैसाही घामाचा असतो. पण ज्या देवाने झाडांत राहायचे ठरवले त्याला आपण उन्हात बसवतो. देऊळ बांधावे, पण रायीच्या बाहेर, आणि एकही जुने झाड न पाडता.

दुसरे छप्पर. शिर्डीच्या संस्थानाने 2009 साली प्रसादालयावर सूर्याच्या उष्णतेने वाफ करणारे 73 आरसे बसवले आणि त्या वाफेवर अन्न शिजवले. आपल्या देवळांना, चर्चना एवढा पसारा नको. सभागृहाच्या छपरावर चार सौरपाट्या बसल्या तरी दिवे आणि पंखे चालतील, आणि ते पाहून वाड्यावरची दोन घरे तरी विचार करतील.

तिसरा उत्सव. चवथीची माटोळी म्हणजे रानाचे प्रदर्शनच. कवंडाळे, कांगले, माट्टी हे सारे रानातून येते. रान राहिले नाही तर माटोळीला प्लास्टिकची फळे टांगावी लागतील. म्हणून फळ काढावे, वेल मुळासकट उपटू नये. नरकासुर गवताचा आणि कागदाचा असावा, त्याच्या पोटात टायर नको. फेस्ताच्या आणि जत्रेच्या जेवणाला पत्रावळ चालते, तिची कोणाला लाज वाटू नये.

गोव्यातल्या देवस्थानांचा कारभार अजून 1933 च्या नियमावलीवर चालतो. महाजनांची सभा भरते, अंदाजपत्रक मांडले जाते. त्यात रंगरंगोटीसाठी रक्कम असते, तशी रायीसाठी आणि तळीसाठीही एक ओळ असावी. एवढी सूचना कोणीही महाजन उभा राहून करू शकतो. त्याला सरकारची परवानगी लागत नाही आणि परिपत्रकाची वाटही पाहावी लागत नाही.

देवापुढे गाऱ्हाणे घालताना आपण गुराढोरांचे, पिकापाण्याचे रक्षण मागतो. पाऊसपाणी वेळेवर दे म्हणतो. मागणे आपले, तर त्याची राय राखण्याचे कामही आपलेच नव्हे काय?