घरचा कोनाडा आणि रानचे ऋतु

परदेशी घरांचीं चित्रें हल्लीं घरोघर पाहावयास मिळतात. त्यांत शेकोटीवरील फळी, म्हणजे मॅन्टलपीस, आणि भोजनगृहांतील साइडबोर्ड यांची ऋतूप्रमाणें बदलणारी सजावट हटकून असते. शरदांत तांबडीं पानें व भोपळे, नाताळांत हिरव्या फांद्या, वसंतांत रंगविलेलीं अंडीं. तीं पाहून आपल्याही बैठकीच्या खोलींत असें कांहीं असावें, अशी हौस चंद्रपूर-गडचिरोलीकडील घरांतल्या लेकीसुनांस होते. आणि मग बाजारांतून आणलेलीं कापडी मेपलचीं पानें टी.व्ही.खालच्या कपाटावर येऊन बसतात. हौस आम्हांस मनापासून पसंत आहे. मेपलचें पान मात्र पसंत नाहीं.

मॅन्टलपीस ही थंड देशांतील घराची गरज होय. धुराड्याच्या तोंडावर जो आडोसा असे, त्याची पुढें फळी झाली. हिंवाळाभर सारें कुटुंब तेथेंच बसे, म्हणून शोभेच्या वस्तूही तेथेंच आल्या. आपल्याकडे अशा शेकोट्या पाहावयाच्या तर पचमढीसारख्या जुन्या थंड हवेच्या ठिकाणीं साहेबांनीं बांधलेल्या बंगल्यांत पाहाव्या. चंद्रपुरास उन्हाळ्यांत पारा ४७ अंशांच्या पुढें जातो. तेथें घरांत शेकोटी बांधण्याचें कोणाच्या स्वप्नांतही येणार नाहीं. आपल्या घरास जें अंग जन्मतः लाभलें आहे तें म्हणजे कोनाडा. जाड भिंतींत कोरलेली ती हातभर जागा दिव्यासाठीं होती, पोथीसाठीं होती, आणि आजीच्या चष्म्यासाठींही होती. नव्या घरांत भिंती पातळ झाल्या आणि कोनाडा गेला. तेथें एखादी फळी किंवा कपाटाचा माथा त्याच्या जागीं धरावा.

जपानी घरांत ‘टोकोनोमा’ नांवाचा असाच एक कोनाडा असतो. त्यांत एक चित्रपट टांगतात आणि खालीं एखादें फूल किंवा फांदी ठेवतात. ऋतु पालटला कीं दोन्ही पालटतात. तेथें दहा वस्तूंची दाटी नसते. पाहुणा आंत आला कीं त्यास बाहेर कोणता मास चालला आहे हें त्या एका फुलावरून कळावें, एवढाच उद्देश. आमच्या मतें आपल्या कोनाड्यास हाच नियम उत्तम : एका वेळीं एकच वस्तु, ती त्या महिन्याची, आणि आपल्याच मुलखांतली.

प्रथम अर्थातच कोनाडा रिकामा करावा लागतो, आणि एकत्र कुटुंबांत हेंच काम सर्वांत कठीण. काशीची गंगाजळी, मामंजींना मिळालेली ढाल, तीन बंद घड्याळें, कोणाच्या तरी लग्नांतला कांचेचा हंस : प्रत्येक वस्तूस वाली असतो. त्यांतून चंद्रपुरांत कोळशाची धूळ अशी कीं सकाळीं पुसलेली फळी संध्याकाळीं करडी. जितक्या वस्तु कमी तितकें पुसणें कमी, हा युक्तिवाद वडीलधाऱ्यांस लवकर पटतो असा आमचा अनुभव आहे.

जुन्या वाड्यांत आणखी एक गोष्ट आढळते : भिंतीवर सांबराचीं किंवा चितळाचीं शिंगें, क्वचित् वाघाचें कातडें. आजोबा-पणजोबांच्या काळीं तो प्रतिष्ठेचा भाग होता. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें तें चित्र पालटलें. अशा वस्तु बाळगणाऱ्यांना त्या जाहीर करण्यासाठीं २००३ सालीं पुन्हां एकवार मुदत देण्यांत आली होती. ज्यांच्या घरीं कागदपत्र नाहींत त्यांनीं वनखात्याच्या कचेरींत जाऊन विचारावें. माळ्यावर लपवूं नये आणि विकण्याचा विचारही करूं नये, कारण विक्री हा उघड गुन्हा आहे. रानांत गळून पडलेलें शिंग ‘सांपडलें’ म्हणून घरीं आणणेंही बरें नव्हे. ताडोबाच्या अभयारण्यांतून तर परवान्याशिवाय वनांतलें कांहींच बाहेर आणण्याची मनाई आहे, मग तें वाळलेलें पान कां असेना.

आतां ऋतूंकडे वळूं. चैत्रांत कोनाड्यास वेगळा विचार लागत नाहीं. चैत्र शुद्ध तृतीयेस गौर बसते ती अक्षय्यतृतीयेपर्यंत असते, आणि तिची आरास हीच त्या महिन्याची शोभा. पायऱ्यांवर मांडलेलीं फळें, भिजविलेले हरभरे, कैऱ्या; अंगणांत चैत्रांगण. एवढें सुंदर असतां शेजारीं दुसरें कांहीं मांडण्याची घाई करूं नये.

याच सुमारास रानांत मोह फुलतो, आणि येथें आम्हांस थोडें थांबावयाचें आहे. मोहाचीं फुलें रात्रीं-पहाटे गळतात. पिवळसर, रसाळ, मण्यांसारखीं. पितळी ताटलींत तीं फार गोड दिसतात हें खरें. परंतु गोंड-माडिया कुटुंबांतील बायका-मुलें पहाटेच्या काळोखांत टोपल्या घेऊन झाडाखालीं जातात तीं हींच फुलें वेंचावयास. तीं वाळवून वर्षाच्या पोटापाण्याची आणि मीठमिरचीच्या पैशांची तजवीज होते. मोहामागून चारोळी, त्यामागून तेंदूची पानें. ज्याचें फूल हेंच दुसऱ्याचें धान्य आहे, त्याच्या झाडाखालीं सहलीस गेलेल्या मंडळींनीं पिशव्या भरूं नयेत. हवींच असतील तर बाजारांत बसलेल्या बाईकडून, ती सांगेल त्या भावानें, मूठभर घ्यावीं. चारोळीच्या बहरलेल्या फांद्या मोडणें तर त्याहून वाईट. तेथें फळच जातें.

वैशाख-ज्येष्ठांत ताज्या फुलांचा नाद सोडावा. बहाव्याचे झुबके झाडावर पाहावे. तोडलेला झुबका दुपारपर्यंत मान टाकतो. या दिवसांत कोनाड्यांत पाण्यानें भरलेलें एक काळें मातीचें भांडें आणि त्याजवळ वाळ्याची जुडी ठेवावी. डोळ्यांस आणि नाकास त्याहून अधिक कांहीं नको असतें.

पावसाळा हा आमच्या मतें या जिल्ह्यांचा खरा शोभेचा काळ. साग त्याच वेळीं फुलतो. त्याचे पांढुरके, बारीक फुलांचे मोठे तुरे बहुतेकांनीं वर मान करून पाहिलेलेच नसतात. पुढें त्याला कागदी फुग्यांसारख्या आवरणाचीं फळें येतात. तीं वाळून खालीं पडलीं कीं महिनोन् महिने टिकतात. २०२३ सालीं अयोध्येच्या मंदिरासाठीं बल्लारपूरचें सागवान वाजतगाजत गेलें, याचा अभिमान आपण सर्वांनीं बाळगला. त्याच सागाचीं अंगणांत पडलेलीं फळें मात्र आपण केरांत लोटतों. एका परडींत भरून पाहावीं.

श्रावणांत कुंपणावर कळलावी फुलते. तांबड्या-पिवळ्या ज्वाळेसारखें हें फूल पाहतांच कोनाड्यांत आणण्याचा मोह होतो. लहान मुलें असलेल्या घरांत तें आणूं नये. हें सारें झाडच विषारी आहे, कंद तर विशेष. तीच गोष्ट गुंजांची. लाल-काळ्या गुंजांची वाटी दिसावयास मोहक. पण फुटलेली किंवा चावलेली गुंज पोटांत गेल्यास जीवावर बेतते. एकत्र कुटुंबांत रांगतें मूल बहुधा असतेंच, आणि त्याचा हात कोठवर पोहोंचतो याचा अंदाज मोठ्यांस नेहमीं कमीच असतो.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीं तान्हा पोळा. चाकांवरचे लांकडी बैल विदर्भांतल्या घराघरांतून निघतात. कित्येक घरीं पणजोबांच्या वेळचा बैल नातवंडांच्या हातीं येतो. तो दिवस संपला कीं बैल पुन्हां माळ्यावर जातो, हें आम्हांस पटत नाहीं. गौरी येईपर्यंत कोनाडा त्याचाच असावा. मुलांनीं त्याची झूल स्वतः बदलावी.

भाद्रपदांत महालक्ष्म्या. इकडे त्यांच्या डोईवर फुलोरा बांधतात : करंज्या, सांजोऱ्या, वेण्या-फण्या असे तळलेले पदार्थ दोऱ्यांनीं टांगलेले. गोमंतकांत गणपतीवर जी माटोळी बांधतात तिचें आणि फुलोऱ्याचें नातें बहिणींचें दिसतें. माटोळींत नारळ, सुपारीचे घोस, केळ्यांचे घड आणि रानांतलीं फळें टांगतात. आपल्याकडे चुलीवरचे पदार्थ. दोन्ही ठिकाणीं देवाच्या माथ्यावर ऋतूचें छत धरावयाचें ही कल्पना एकच. आपल्या फुलोऱ्यांत रानच्या एकदोन वस्तु, निदान सागाचा एक तुरा, गुंफावयास हरकत नसावी. अर्थात् घरच्या वडील बायकांस विचारून.

आश्विन-कार्तिकांत जुन्या मालगुजारी तलावांवर कमळें असतात आणि ढिवर मंडळी शिंगाडे काढतात. कमळ विकत घ्यावें आणि पसरट भांड्यांत तरंगत ठेवावें. मग भात. नागभीड-ब्रह्मपुरीपासून पूर्वेस गडचिरोलीपर्यंत हा भाताचा मुलूख, आणि या दिवसांत कोनाड्यास लोंब्यांच्या जुडीहून दुसरें कांहीं शोभत नाहीं. साधेल तर ती जुडी ‘एचएमटी’ची असावी. नागभीड तालुक्यांतील नांदेड गांवचे अल्पभूधारक शेतकरी दादाजी खोब्रागडे यांना १९८३ सालीं आपल्या शेतांत कांहीं लोंब्या निराळ्या दिसल्या. त्या वेंचून त्यांनीं वर्षानुवर्षें निवड केली आणि तेव्हांच्या लोकप्रिय मनगटी घड्याळाचें नांव त्या वाणास मिळालें. आज हा तांदूळ दूरदूरच्या घरांत शिजतो. दादाजी २०१८ सालीं वारले. त्यांना त्यांच्या कष्टांच्या मानानें फारच थोडें मिळालें, हें मुलांना लोंबी दाखवितांना सांगावें. जुडी खुंटीस उंच टांगावी, नाहींतर उंदीर रातोरात फडशा पाडतात. आठदहा दिवसांनीं ती चिमण्यांसाठीं अंगणांत लावावी.

भांड्यांविषयीं एक गोष्ट मध्येंच सांगतों. कोनाड्यास कांचेच्या फुलदाणीपेक्षां बुरुडाच्या हातची परडी किंवा सूप अधिक शोभतें. बांबूंतील पिष्टामुळें त्यास किडा लागतो व खालीं पिठासारखा भुगा पडतो. म्हणून विणण्यापूर्वीं बांबू कांहीं आठवडे पाण्यांत भिजविलेला होता कीं नाहीं हें विचारून घ्यावें, आणि पावसाळा सरतांच परडीस कडक ऊन दाखवावें. बांबूवर गांवाचा हक्क कोणाचा, हा वादही याच जिल्ह्यांत सुटला. धानोरा तालुक्यांतील मेंढा-लेखा गांवास २००९ सालीं १८०० हेक्टरांवर वनाचा सामूहिक हक्क मिळाला, आणि २०११ च्या एप्रिलांत बांबूच्या वाहतुकीचे परवाने ग्रामसभेच्या हातीं आले. परडीचे दहा रुपये कमी करण्यासाठीं घासाघीस करणाऱ्या मंडळींनीं हें ठाऊक करून घ्यावें.

पौषांत संक्रांत येते, हळदीकुंकवें सुरू होतात, आणि एक जुनी गोष्ट डोळ्यांस खुपूं लागते. घरांत एखादी विधवा काकू किंवा आत्या असते. रांगोळींत, आराशींत, फुलांच्या मांडणींत तिचा हात घरांतल्या कोणाहीपेक्षां कसलेला असतो. पण आरास मांडावयाची वेळ आली कीं ती आपण होऊन स्वयंपाकघरांत जाते, आणि कोणी तिला बाहेर बोलावीत नाहीं. २०२२ च्या मे महिन्यांत कोल्हापूर जिल्ह्यांतील हेरवाड ग्रामपंचायतीनें विधवांसंबंधींच्या अनिष्ट प्रथा बंद करण्याचा ठराव केला, व त्याच महिन्यांत राज्य सरकारनेंही इतर गांवांनीं तो कित्ता गिरवावा असें पत्रक काढलें. ग्रामपंचायतीस जें जमलें तें सुशिक्षित घरास जमूं नये काय? ज्यांना हळदीकुंकवाचा रिवाज एका दिवसांत बदलणें जड जातें, त्यांनीं निदान कोनाड्यापासून आरंभ करावा. कोनाडा हें व्रत नव्हे. त्यास सवाष्ण लागत नाहीं, मुहूर्त लागत नाहीं, सोवळें लागत नाहीं. तो वर्षभर काकूंच्या स्वाधीन करावा. काय ठेवावें, काय काढावें हा शब्द त्यांचा; सुनांनीं आणि नातींनीं त्यांच्या हाताखालीं शिकावें. मात्र हें काम ‘बिचाऱ्यांना विरंगुळा’ म्हणून देऊं नये. ज्यास येतें त्यास द्यावें, इतकेंच.

माघांत पानगळ असते. तेव्हां कोनाडा रिकामाच बरा. आंतून चुना द्यावा आणि संध्याकाळीं एक समई.

फाल्गुनांत पळस पेटतो. त्याच्या फांद्या तोडण्याचें मुळींच कारण नाहीं, कारण झाडाखालीं सकाळीं फुलांचा सडा पडलेलाच असतो. तीं ताजीं फुलें वेंचून रुंद तांब्याच्या परातींत थोड्या पाण्यावर ठेवावीं. वास नसतो, पण रंग असा कीं दिवा लावण्याची गरज भासूं नये. दोन दिवसांनीं तीं मलूल झालीं कीं केरांत टाकूं नयेत. मोठ्या पातेल्यांत पाणी उकळून त्यांत तीं रात्रभर भिजत घालावीं; सकाळीं गाळून घेतलें कीं केशरी रंग तयार. धुळवडीस मुलांच्या हातीं तोच द्यावा. कपड्यांवरचा डाग मात्र लवकर निघत नाहीं, तेव्हां कपडे जुने घालावे.